वार्षिक अहवाल लिहायला बसशील तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. शाळेत रुजू होऊन वर्ष व्हायच्या आत मुख्याध्यापकांनी वार्षिक अहवालाचं काम तुझ्याकडे दिलं, याचा मला मनापासून आनंद झाला. तुला ते कारकुनी काम वाटतंय. निकाल गोळा करायचे, बक्षिसांची यादी लावायची, शेवटी आभार मानायचे आणि मोकळं व्हायचं. हे काम मी बरीच वर्षं केलंय, आणि माझं मत अगदी वेगळं आहे. शाळेत वर्षभर जे काही लिहिलं जातं, त्यात मुलं सगळ्यांत बारकाईनं हाच कागद वाचतात. पालक तो चाळतात, संस्थेची माणसं आकडे बघतात. मुलं मात्र आधी स्वतःचं नाव शोधतात, मग मित्रमैत्रिणींचं, आणि कशाला अर्धं पान मिळालं नि कशाला एक ओळ, हे त्यांच्या बरोबर लक्षात राहतं. शाळेला काय मोलाचं वाटतं ते त्यांना यातूनच कळतं, आणि पुढच्या वर्षी ती त्याच दिशेला धावतात. तेव्हा अहवाल सरलेल्या वर्षाचा असला तरी तू पुढच्या वर्षासाठी लिहिते आहेस, हे धरून चाल.

निकालाचा परिच्छेद सगळ्यांत आधी मागितला जातो, म्हणून त्याबद्दल आधी सांगते. टक्केवारी लिहिताना शेजारी मुलांची संख्या लिही. किती जण परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले, आणि तीन वर्षांपूर्वी या तुकडीत किती जण होते, हे तिन्ही आकडे लिही. समज, ४८ मुलं तुकडीत आली, वाटेत ८ गळाली किंवा मागे ठेवली गेली, आणि उरलेली ४० उत्तीर्ण झाली. अशा वेळी ‘शंभर टक्के निकाल’ ही ओळ खोटी नसते, पण त्या आठ जणांचं काय झालं हे ती दडवते. त्या आठांपैकी कुणाची धाकटी बहीण आज आपल्याच शाळेत शिकत असेल, आणि ती ही ओळ वाचणार आहे.

दुसरं, एका वर्षाच्या चढउताराला यश किंवा अपयश म्हणायची घाई करू नकोस. २५ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ४ टक्के. गेल्या वर्षी ९२ होते आणि यंदा ८८ झाले, तर फरक एका मुलाचा आहे; ते मूल कदाचित परीक्षेच्या आठवड्यात तापानं फणफणलं असेल. गट जितका लहान, तितकी त्याची सरासरी जास्त हेलकावे खाते. हे गणित अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञानं १७३० मध्येच मांडलं होतं, तरी शाळांच्या तुलना करताना ते हमखास विसरलं जातं. हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वेर्लिंग या संशोधकांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शाळांचे गुण तपासले. गुणांच्या वरच्या टोकाला लहान शाळा प्रमाणापेक्षा जास्त दिसत होत्या, आणि तळाच्या टोकालाही लहान शाळाच प्रमाणापेक्षा जास्त होत्या. त्यामुळे एकट्या यंदाच्या आकड्याऐवजी पाच वर्षांचे आकडे एका ओळीत दे. त्यात चढ असेल तर तो वाचणाऱ्याला दिसेल, तुला ‘उत्तरोत्तर प्रगती’ असं लिहावं लागणार नाही.

आकड्यांबद्दल मी एवढी आग्रही का, ते सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्ये बजावलं होतं, की एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा आणि त्यामागचं कामही बिघडत जाईल. शाळांच्या चाचण्यांचं उदाहरण त्यांनी स्वतःच दिलं होतं. पुढे अमेरिकेतल्याच अटलांटा शहरात तसंच झालं. तिथल्या सरकारी शाळांचे गुण वर्षानुवर्षं वाढत गेले, आणि त्या शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्यांना, म्हणजे अधीक्षकांना, २००९ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०११ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या तपास पथकाचा अहवाल आला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले होते आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं त्यात होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली गेली होती. त्या माणसांनी शिक्षकी पेशा काही यासाठी पत्करला नव्हता. गुण वाढल्याचंच तेवढं कौतुक व्हायचं, आणि न वाढल्यास नोकरीवर गदा यायची. सगळ्यांत मोठं नुकसान त्या मुलांचं झालं. ज्यांना वाचायला मदत हवी होती, त्यांची गरज कागदावर दिसेनाशीच झाली. अहवालात निकालाला मान असावाच, पण सगळा मान एकट्या निकालाला देऊ नकोस.

आता बक्षिसांकडे येते. ‘शंभर टक्के हजेरी’चं बक्षीस बऱ्याच शाळा देतात, आणि अहवालात त्यांची यादीही छापतात. ती यादी तू छापू नयेस असं मला वाटतं. आजारी पडणं हा मुलाचा दोष नव्हे, आणि ताप अंगावर काढून शाळेत येणं हा गुणही नव्हे. शिवाय त्या बक्षिसाचा उपयोग होतो असंही दिसत नाही. संशोधक कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सहावी ते बारावीच्या १५,३२९ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण हजेरीचं बक्षीस मिळेल असं आधी सांगितल्यानं सरासरी हजेरी वाढली नाही. झालेल्या पूर्ण हजेरीबद्दल अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची पुढची हजेरी तर थोडी घटली. आपण इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय, असा अर्थ मुलांनी त्या कागदातून काढला. आपण चांगल्या हेतूनं लिहितो, मुलं भलताच अर्थ घेतात. म्हणूनच शब्द जपून वापरायचे.

कौतुक कशाचं करायचं, याबद्दल क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचं १९९८ मधलं काम तुला माहीत असेल. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली. अवघड कोडी नीट सुटली नाहीत, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्यांना आपले गुण वाढवून सांगितले. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त लागते. ‘शाळेची बुद्धिमान विद्यार्थिनी’ असं तू एखाद्या मुलीबद्दल छापलंस, तर पुढच्या वर्षी कमी गुण पडल्यावर तिनं कुणाकडे जायचं? तिनं काय केलं ते लिही.

आणि माझं खरं सांगणं इथेच आहे. काय घडलं ते लिही. ‘घवघवीत यश संपादन केले’, ‘शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला’ ही वाक्यं कुठल्याही शाळेच्या कुठल्याही वर्षाच्या अहवालात चपखल बसतात, म्हणून ती काढून टाक. त्यांच्या जागी काय आणायचं? समज, विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या चौघांनी पाणी गाळायचं साधन मांडलं. मग असं लिही: पहिले दोन नमुने गळले. तिसऱ्यात त्यांनी वाळूचा थर जाड केला आणि पाण्यातला गढूळपणा गेला. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते पिण्याजोगं झालं असं नाही, हे त्यांनी स्वतःहून फलकावर लिहिलं. क्रमांक आला असेल तर शेवटी सांग. आला नसेल तरी हा मजकूर उभा राहतो. सातवीतलं मूल हे वाचेल तेव्हा ‘आपणही काहीतरी करून बघावं’ असं त्याला वाटेल. ‘घवघवीत यश’ वाचून तसं वाटत नाही.

फुटबॉलचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला असेल, तरी त्या मुली कोणत्या वेळेला सरावाला यायच्या, मैदान कुणाकुणाबरोबर वाटून घ्यावं लागायचं, शेवटच्या सामन्यात काय झालं, हे यायला हवं. एकदा नापास होऊन पुन्हा बसलेला आणि यंदा उत्तीर्ण झालेला मुलगा पहिल्या क्रमांकाइतकाच महत्त्वाचा आहे. त्याची परवानगी असेल तर त्याच्याबद्दल लिही; तो नको म्हणाला तर नाव आणि तपशील दोन्ही वगळ. दुसऱ्या भाषेतून शिकून आलेली आणि वर्षभरात वर्गात हात वर करायला लागलेली मुलगी कोणत्याच यादीत बसत नाही. तिच्याबद्दल तुला फक्त तिच्या वर्गशिक्षिकाच सांगू शकतील.

म्हणून माहिती मागवायचा छापील तक्ता फिरवू नकोस. तक्त्यात क्रमांक आणि पदकंच भरून येतात. जाऊन बस माणसांजवळ. ग्रंथपालांना विचार की यंदा कोणतं पुस्तक सगळ्यांत जास्त वेळा बाहेर गेलं, कोण रोज मधल्या सुट्टीत येऊन वाचत बसायचं. प्रयोगशाळा सहायकांना विचार, शाळा सुटल्यावर कोण थांबायचं? शिपाईकाकांना तर आधी विचार. पहिल्या वर्गात चुकून राहिलेला डबा घेऊन धाकट्या भावाला शोधत फिरणारा मोठा भाऊ कोण, हे त्यांनाच ठाऊक असतं. शिवाय मुलांना लिहायला सांग. प्रत्येक वर्गातून दोन-तीन जणांनी वर्षातली एकेक गोष्ट लिहून दिली, तर त्यातलं निम्मं तू जसंच्या तसं छापू शकशील. व्याकरण दुरुस्त कर, पण त्यांचं बोलणं बदलू नकोस.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच एक वही शिक्षक खोलीत ठेव. तारीख, काय झालं, कोण होतं, एवढंच लिहायचं. अहवाल आठवणीवर लिहिला की शेवटच्या तीन महिन्यांचाच होतो; पावसाळ्यात किंवा पहिल्या सत्रात झालेली चांगली कामं पुसली जातात. यंदा वही नाही, तर जुन्या सूचना आणि दैनंदिन्या चाळ.

मसुदा झाला की हजेरीपट शेजारी घे आणि ज्यांची नावं आली त्यांच्यापुढे खूण कर. काही तुकड्या जवळजवळ कोऱ्या राहतील, आणि काही नावं पाच-पाच वेळा आलेली दिसतील. कोऱ्या तुकडीच्या वर्गशिक्षकांकडे पुन्हा जा. प्रत्येकाचं नाव कुठेतरी घुसवायचं असा याचा अर्थ नाही. ओढूनताणून केलेलं कौतुक मुलांना लगेच ओळखू येतं आणि ते लागतं. पण पन्नास मुलांच्या वर्गात वर्षभरात लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही, हे मला पटत नाही.

वाईट बातमीही वर्षाचीच असते. या वर्षी एखादं मूल गेलं असेल, तर आधी घरच्यांना भेट. त्यांना काय छापलेलं चालेल ते त्यांनाच ठरवू दे. मग त्याच्यासाठी वेगळी जागा ठेव, बक्षिसांच्या मधे नको. त्याला काय आवडायचं, तो कुठे बसायचा, कोणाशी त्याची गट्टी होती, असं दोन-तीन वाक्यांत लिही. ‘दुःखद निधन’ एवढ्यावर थांबू नकोस. निवृत्त होणाऱ्यांबद्दलही ‘प्रदीर्घ सेवा’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या तासाला काय व्हायचं ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून एकेका वाक्यात मागवून घे.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. मुलं आणि पालक दोघांना विचारल्याशिवाय चेहरा छापायचा नाही. पूर्ण नाव, वर्ग, गुण आणि चेहरा एकत्र तर नकोच, कारण अहवाल हल्ली छापून थांबत नाही, तो फोनवरून फोनवर फिरतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १६ वं कलम मुलांच्या खासगीपणाचंच आहे. कुणाला फी माफ झाली, कुणाला मदत मिळाली, हे नावानिशी कधीही येता कामा नये. देणगीदारांनी आग्रह धरला तरी नाही. तिथे मुख्याध्यापकांकडे जा आणि ठाम राहा.

नावांचं मुद्रितशोधन दोघींनी करा: एकीनं वाचायचं, दुसरीनं हजेरीपटात बघायचं. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घही सोडू नकोस.

निकालाचा परिच्छेद आधी लिहून मला पाठव. त्यावर तुला वरून सगळ्यांत जास्त सूचना येतील, तेव्हा तो आधीच पक्का असलेला बरा. बाकीचा मसुदा जसजसा होईल तसा पाठवत जा, मी लगेच वाचून कळवीन.

तुझ्या,
बाई