कर्णबधिर आणि दिव्यांग व्यक्तींनी स्वतः चालवलेल्या लहान संस्थेला अनुदान कोठून मिळू शकते?

आपला न्यास जिल्ह्याच्या ठिकाणचा आहे, दोन वर्षांपूर्वी नोंदलेला आहे, बहुतेक विश्वस्त स्वतः कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग आहेत आणि वर्षाचा सारा कारभार तीन-चार लाखांत चालतो, असे आपण लिहिले आहे. अनुदानासाठी कोणाकडे जावे, आणि जेथे जातो तेथे ‘तुमची शाळा कोठे आहे?’ असेच का विचारले जाते, हे आपले दोन प्रश्न आहेत. मी लहान संस्थांचे हिशेब आणि प्रस्ताव पाहण्याचे काम करतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडची अनुदानाची व्यवस्था दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. दिव्यांगांनी स्वतः चालवलेली संस्था तिच्या अर्जाच्या रकान्यांत बसत नाही. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेतून विशेष शाळा, समाजाधारित पुनर्वसन अशा ठरीव नमुन्याच्या प्रकल्पांना मदत मिळते, आणि त्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 खालील संस्थेची नोंदणी, राज्याची शिफारस आणि हप्ता लांबला तरी पगार थांबणार नाहीत इतकी गंगाजळी लागते. महाराष्ट्रात 2022 च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तसेच ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. पण तो प्रामुख्याने वैयक्तिक लाभाच्या योजनांवर खर्च होतो, संस्थेच्या चालू खर्चासाठी नव्हे. त्यामुळे सांकेतिक भाषेचे वर्ग, हक्कांची माहिती देणारी शिबिरे, दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात सोबत जाणे, अशी आपली कामे असतील, तर शासकीय अनुदानाच्या मागे पहिली वर्षे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

आपल्यासाठी खरी शक्यता कंपन्यांच्या सीएसआर निधीत, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी कायद्याने खर्चायच्या रकमेत आहे, आणि तीही मोठ्या नावांच्या कंपन्यांपेक्षा जवळच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखान्यांत अधिक. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे दरवर्षी 5 कोटींच्या आसपास नफा असलेल्या कारखान्याकडे सुमारे 10 लाख रुपये असतात. ज्या कंपनीची ही रक्कम 50 लाखांच्या आत आहे तिला स्वतंत्र सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही, निर्णय संचालक मंडळच घेते. अशा ठिकाणी आपली गाठ थेट मालकाशी पडू शकते, आणि दोन-तीन लाखांचा प्रस्ताव तेथे क्षुल्लक ठरत नाही. एकाहून अधिक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाशी न जोडलेली रक्कम वर्षअखेरीस शिल्लक राहिली, तर ती पुढील सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या निधीत भरावी लागते, म्हणून मार्चपूर्वीचे तीन-चार महिने कंपन्यांना प्रस्ताव हवे असतात. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा निधी कोणत्या कामांवर खर्च करता येतो त्या यादीत, दिव्यांगांचे व्यवसाय-कौशल्य आणि उपजीविका यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या वर्गांची मांडणी शक्य तेथे त्याच शब्दांत करावी.

येथे आपली अडचण संस्थेच्या वयाची आहे. सीएसआर निधी घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेला 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या आयकर नोंदण्या, केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा नोंदणीचा अर्ज आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी लेखापाल अजून जुन्याच नावांनी बोलतात.) तीन वर्षे पूर्ण व्हायला राहिलेल्या वर्षात पात्र असलेल्या एखाद्या जुन्या संस्थेबरोबर करार करून काम करता येते. मात्र करारात हे काम आपल्या न्यासाचे आहे, त्याचे निर्णय आपली कार्यकारिणी घेईल आणि अहवालात तसे नमूद होईल, हे लेखी असावे. ते नसेल तर जुन्या संस्थेच्या अहवालात आपले प्रशिक्षक ‘लाभार्थी’ म्हणून छापले जातात, आणि पुढील वर्षी अनुभव म्हणून दाखवायला आपल्या हाती कागद राहत नाही. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आता अंदाजपत्रकाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात दिव्यांगांनी चालवलेल्या संस्थांचे प्रस्ताव सर्वांत जास्त येथेच कमकुवत होतात. प्रस्ताव स्वस्त दिसावा म्हणून सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे मानधन, चाकाच्या खुर्चीने येणाऱ्या सदस्याचा प्रवास आणि जिना नसलेल्या जागेचे जास्तीचे भाडे हे खर्च एक तर गाळले जातात, किंवा ‘इतर’ या नावाखाली कोंबले जातात. मग वर्षभर एखादी ऐकू येणारी बहीण किंवा मुलगा फुकट दुभाष्याचे काम करतो, आणि तो कंटाळला की सभा बंद पडतात. हा खर्च प्रकल्पाचा थेट खर्च आहे आणि तो स्वतंत्र ओळीत, दिवस आणि दर यांसह लिहावा. लांब चालणाऱ्या प्रशिक्षणाला आलटून पालटून काम करणारे दोन दुभाषे लागतात, हेही तेथेच सांगावे. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. अशा प्रशिक्षित व्यक्तीकडून लेखी दरपत्रक घेऊन जोडले, की त्या ओळीवर वाद होत नाही. उलट जे फुकट मिळते ते मागू नये: दृष्टिहीन सदस्यासाठी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर उपलब्ध असताना महागड्या सॉफ्टवेअरची मागणी का, असा प्रश्न येणारच.

कंपनीचा अधिकारी ‘प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर चालत नाही’ असे सांगेल. सीएसआर नियमांतील ही 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावरील खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या प्रशासकीय खर्चाला ती लागू नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने 2021 च्या परिपत्रकात केलेला आहे. ते परिपत्रक छापून जवळ ठेवावे आणि नम्रपणे पुढे करावे. तरीही कंपनीचे स्वतःचे धोरण आड आले, तर समन्वयकाच्या पगाराचा आकडा कमी करून घ्यावा, दुभाष्याचा नको.

संस्था ‘आम्हीच चालवतो’ हा दावा कागदावर सिद्ध व्हावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने 2018 मध्ये, सातव्या सामान्य भाष्यात, अशा संस्थांचे नेतृत्व आणि नियंत्रण दिव्यांगांकडे असावे आणि सदस्यांत त्यांचे स्पष्ट बहुमत असावे, असे म्हटले आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा मूळ करार 2007 मध्येच मान्य केलेला आहे. लंडनमधील ‘इन्क्लूजन लंडन’ ही दिव्यांगांची संस्था तर व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के आणि पगारी कर्मचाऱ्यांत किमान 50 टक्के कर्णबधिर व दिव्यांग व्यक्ती असाव्यात, असा निकष लावते. आपल्याकडे असा बंधनकारक आकडा नाही, पण आपल्या संस्थेतील प्रमाण आपण स्वतःहून सांगावे. त्यासाठी धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर (न्यासाच्या नोंदणीचा अधिकृत उतारा) आजच्याच विश्वस्तांची नावे असायला हवीत. विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला असेल तर कागदोपत्री संस्था अजून जुन्या मंडळींचीच दिसते. बँक खात्यावर सही करणारेही दिव्यांग विश्वस्तच असावेत. दृष्टिहीन विश्वस्ताच्या सहीला बँकेने आडकाठी केली, तर दृष्टिहीन ग्राहकांना धनादेशासह कोणतीही सुविधा नाकारू नये, ही रिझर्व्ह बँकेची जून 2008 ची सूचना दाखवावी.

व्यक्तींकडून देणग्या जरूर घ्याव्यात, पण 80जीच्या सवलतीवर फार विसंबू नये: नव्या करप्रणालीत व्यक्तींना ती मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही 2000 रुपयांवरील रोख देणगीला ती लागू नाही.

परदेशी निधीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. दिव्यांगांच्या स्वतःच्या संस्थांनाच अनुदान देणारा ‘डिसॅबिलिटी राइट्स फंड’ 2008 पासून आहे, परंतु परदेशी निधी घेण्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मुख्य कामावर किमान 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीकडे वळवताही येत नाही, त्यामुळे जुन्या संस्थेमार्फत काम करण्याची वाट येथे बंद आहे.

‘सीएसआर मिळवून देतो, आधी नोंदणी फी भरा’ असे म्हणणारे दलाल आपल्यापर्यंत पोहोचले नसतील तर पोहोचतील. अनुदानातून टक्के परत मागणारा असो वा आगाऊ पैसे घेणारा, दोघांनाही नकार द्यावा.

शेवटी, कंपनीने भेटीला बोलावले, तर भेटीची तारीख ठरवतानाच दुभाषा सोबत येईल हे ईमेलने कळवावे आणि प्रश्न आधी लेखी मागवावेत. बोलणे कर्णबधिर अध्यक्षांनीच करावे. ऐकू येणाऱ्या सदस्याने त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत, कारण समोरचा माणूस नंतर फोन कोणाला करायचा हे त्याच बैठकीत ठरवून टाकतो.