तुमचे प्रश्न : एल्व्हिसच्या मागचा गिटारवाला

प्रश्न : मी लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. परवा एल्व्हिस प्रेस्लीची 1954-55ची गाणी ऐकली. ड्रम नाही, तरी पाय थांबत नाही. गिटारच्या प्रत्येक सुरामागे तोच सूर लगेच परत येऊन आपटतो. हा वादक कोण? पुढे त्याचं काय झालं? आणि तसा आवाज काढायला मी काय घेऊ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वादकाचं नाव स्कॉटी मूर. जन्म 1931, टेनेसीतल्या गॅड्सडेनजवळच्या शेतावर. सोळाव्या वर्षी नौदलात गेला, चार वर्षांनी परतला आणि मेंफिसमध्ये भावाच्या लाँड्रीत हॅट धुऊन-ठोकून आकारात आणायचं काम करू लागला. संध्याकाळी गिटार. 4 जुलै 1954ला सन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सच्या सांगण्यावरून एकोणीस वर्षांचा एल्व्हिस त्याच्या घरी गाऊन गेला. मूर आणि बासवाला बिल ब्लॅक, दोघांचंही मत : बरा आहे पोरगा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत संथ गाणी काही जमेनात. मध्ये विश्रांती घेतली, तर एल्व्हिस ब्लूज गायक आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ थट्टेवारी गाऊ लागला. ब्लॅकने बास उचलला, मूरने गिटार. फिलिप्सने दारातून डोकं काढून विचारलं, हे काय चाललंय? तिघांनाही सांगता येईना. मग पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावून त्याने ते टेपवर घेतलं.

ड्रमचं काम तिथे ब्लॅक करतो. तो बासची तार ओढून सोडतो, ती लाकडी पट्टीवर फटकन बसते. तुम्ही ज्यावर पाय आपटता तो हा फटका. एल्व्हिसची साधी गिटार मधल्या मात्रा भरते आणि मूर गाण्याच्या ओळींमधल्या फटीत दोन-चार सूर टाकून बाजूला होतो.

त्याचा अंगठा मात्र नीट ऐका. आमच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरला मिनिटाला 16 फेऱ्यांचा वेग होता; एलपीचा खरा वेग 33. एलपी त्यावर लावली की सगळं निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली. एल्व्हिस रेड्यासारखा हंबरायचा, आई स्वयंपाकघरातून ओरडायची, पण ‘मिस्टरी ट्रेन’ मला तसंच उलगडलं. अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर आलटून-पालटून चालतो, आगगाडीच्या चाकांसारखा. वरची धून बोटं काढतात. हा हात मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्स या गिटारवादकांकडून आलेला. आपल्याकडचे बरेच गिटारवाले पिकने, म्हणजे तार छेडायच्या पत्तीने, एकच तार पळवतात आणि टाळ्या घेतात. मला ते ऐकून दमायला होतं.

आता तो आपटून येणारा आवाज. टेप मशीनमध्ये टेप आधी रेकॉर्डिंग हेडवरून जाते आणि क्षणभराने प्लेबॅक हेडवरून. फिलिप्सने तो उशिरा आलेला आवाज मूळ आवाजातच मिसळला. पण हे झालं स्टुडिओत. स्टेजवर काय करायचं? इलिनॉयमधल्या केरो गावचा रे बट्स अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच टेपची फिरती पट्टी बसवून द्यायचा. असा एक अ‍ॅम्प मूरने 1955मध्ये घेतला.

‘पुढे काय झालं’ लिहिताना माझा हात जड होतो. सुरुवातीला कमाईचा अर्धा वाटा एल्व्हिसचा, पाव-पाव मूर आणि ब्लॅकचा. काही दिवस तर मूरच त्याचा मॅनेजर होता. नाव झालं तसे हे दोघे पगारी झाले : दौऱ्यावर आठवड्याला 200 डॉलर, घरी बसले तर 100. त्यातच स्वतःचा खर्च. सप्टेंबर 1957मध्ये दोघांनी राजीनामे दिले. ऑर्केस्ट्रात वाजवता, म्हणजे हे हिशोब तुम्हाला मी समजावायला नकोत. नंतर मूर परतला, पण कामापुरता. 1964मध्ये स्वतःच्या नावावर गिटारची एलपी काढली, तेव्हा तो फिलिप्सच्या स्टुडिओत नोकरीला होता; ती गेली.

1968च्या टीव्ही कार्यक्रमात मूर आणि एल्व्हिस पुन्हा शेजारी बसले. त्यात एल्व्हिसने मूरची मोठी गिब्सन गिटार मागून घेतली आणि स्वतःच वाजवली. त्यानंतर दोघांनी एकत्र कधी वाजवलं नाही. मूरने गिटार जवळजवळ बाजूलाच ठेवली आणि नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंगच्या, टेपच्या धंद्यात वर्षं काढली. 1992मध्ये गायक-गिटारवादक कार्ल पर्किन्सबरोबर पुन्हा वाजवला. 2016मध्ये वारला, 84व्या वर्षी.

पेडल साधं डिले, म्हणजे सूर क्षणभराने परत ऐकवणारं, घ्या; महागडं नको. वेळ 120 मिलिसेकंदांच्या आसपास, परत येणारा आवाज मूळ सुरापेक्षा थोडा लहान, आणि रिपीट एकच. दुसरा ऐकू आला तर बटण मागे फिरवा.