फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपच्या यूव्ही उजेडात सोलापुरी टॉवेलचं सूत कॅल्कोफ्लोर (तंतूतल्या सेल्युलोजला धरून निळा चमकणारा रंग) लावायच्या आधीच निळं चमकतंय, अंबाडीचा वाखही थोडा चमकतोय. स्टेनिंग कसं करू?

आधी सूत बदला. पांढऱ्या टॉवेलच्या सुताला बहुतेक वेळा ऑप्टिकल ब्राइटनर (यूव्हीखाली निळं चमकून कापड जास्त पांढरं दाखवणारं रसायन) मारलेलं असतं आणि कॅल्कोफ्लोर व्हाइट त्याच कुळातलं, कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणूनच ते आधी वापरायचे, म्हणजे तुमचं स्टेनिंग कारखान्यातच होऊन आलंय. सोलापुरात राहून कोरं सूत मिळायला काय अडचण, एमआयडीसीत कुठल्याही पॉवरलूमवाल्याला मूठभर वेस्ट मागा, फक्त बाण्याचं घ्या, ताण्याला सायझिंगची खळ असते.

कोऱ्या कापसावर मेण असतं, पाण्यातला रंग आत शिरतच नाही. १-२ टक्के कॉस्टिक सोड्यात तासभर उकळा (चष्मा, हातमोजे घालूनच), मग पाणी न्यूट्रल होईपर्यंत धुवा. कॉस्टिक जास्त कडक करू नका, १५ टक्क्यांच्या पुढे गेलात की तंतू फुगतो आणि कापसाचा तो पिळलेल्या फितीसारखा आकारच जातो, आणि तोच तर बघायचाय ना!

नंतर सुईने तंतू सुटे करा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवा, ०.०१ टक्के कॅल्कोफ्लोर एक-दोन मिनिटं, पाण्याने दोनदा धुवून ग्लिसरीनमध्ये माउंट. मायक्रोस्कोपला डॅपीचा (हाही एक निळा चमकणारा रंग) फिल्टर चालतो, एक्सायटेशन म्हणजे नमुन्यावर पाडायचा उजेड ३६५ नॅनोमीटरच्या आसपास, बाहेर येणारा उजेड निळा, ४४० च्या जवळ.

अंबाडीचं वेगळं आहे. त्यात लिग्निन (झाडाला लाकडासारखा कडकपणा देणारा घटक) असतं आणि यूव्हीखाली लिग्निन स्वतःच निळं चमकतं, म्हणून तिथे कॅल्कोफ्लोरपेक्षा काँगो रेड हा रंग बरा, तो सेल्युलोजला धरतो आणि हिरव्या एक्सायटेशनला लाल दिसतो, म्हणजे एकाच तंतूत लिग्निन निळ्या चॅनलला, सेल्युलोज लाल चॅनलला. फार सुंदर दिसतं, नक्की करून बघा. वाखाचे एकेक तंतू सुटे करायला ॲसिटिक ॲसिड-हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ६० अंशाला ठेवतात, पण त्यात लिग्निनच निघून जातं, तेव्हा लिग्निन बघायचं असेल तर ते करू नका, सुईनेच सोडवा.

आणि प्रत्येक नमुन्याची एक बिनरंगाची स्लाइड हवीच, तिचा फोटो त्याच एक्सपोजरला घ्या. ऑटो एक्सपोजर बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा अंधारी स्लाइडपण उजळ करून दाखवतो आणि दोन्हीतला फरकच कळत नाही. लॅबकोटचा धागा पडला तरी तो कपडे धुवायच्या पावडरमधल्या ब्राइटनरमुळे भसकन चमकतो, तो आपला तंतू समजू नका.