अमेरिकन फुटबॉल संघातील अ‍ॅथलेटिक ट्रेनर एकाच संघात इतकी वर्षे कसे टिकतात?

आपला प्रश्न असा आहे की खेळाडू दर काही वर्षांनी बदलत असताना अ‍ॅथलेटिक ट्रेनरला संघ दीर्घकाळ का सांभाळतो आणि त्याचे काम नेमके काय असते. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असून हा खेळ नेमाने पाहतो, म्हणून रिक बर्कहोल्डर या ट्रेनरच्या कारकिर्दीच्या आधारे उत्तर देतो.

हे काम व्यायाम करून घेण्याचे नाही. आपल्या क्रिकेट संघातील फिजिओच्या कामाशी ते बरेच जुळते. सरावापूर्वी घोट्यांना टेप लावणे, दुखापत होताच मैदानावर धावणे, पुनर्वसन करून घेणे आणि कोण खेळण्यास योग्य आहे याविषयी संघाचे डॉक्टर व मुख्य प्रशिक्षक यांच्याशी रोज बोलणे, हे सारे त्यात येते.

बर्कहोल्डर पिट्सबर्ग स्टीलर्स या संघात सहाय्यक ट्रेनर होते. 1999 मध्ये अँडी रीड फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा बर्कहोल्डर तेथे मुख्य ट्रेनर झाले आणि 2013 मध्ये रीड कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेले, तेव्हा तेही सोबत गेले. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर याच सोबतीत आहे, कारण ‘हा खेळाडू आज उतरणार नाही’ हे वाक्य प्रशिक्षकाने निमूटपणे ऐकावे, इतका विश्वास एका हंगामात मिळत नाही.

हा विश्वास सोपा नसतो, कारण ट्रेनरला पगार देणारा क्लबच असतो आणि खेळाडूलाही खेळायचेच असते. डिसेंबर 2004 मध्ये ईगल्सच्या टेरेल ओवेन्सचा पाय मोडला आणि शस्त्रक्रियेत त्यात धातूची प्लेट व स्क्रू बसवावे लागले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी नाकारली, तरीही सात आठवड्यांनी सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यात उतरून त्याने 9 झेल घेतले. ही कामगिरी थक्क करणारी असली तरी तिच्याकडे केवळ शौर्य म्हणून पाहणे मला पटत नाही. प्लेट बसवलेल्या पायाचा धोका निकालानंतरही खेळाडूच्याच वाट्याला राहतो. लीगने पुढे स्टेडियममध्ये वर बसून सामन्यावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र ट्रेनर नेमले आणि 2015 पासून खेळाडूच्या डोक्याला दुखापत झाल्याची शंका आल्यास खेळ थांबवण्याचा अधिकार त्यांना दिला, हे फार योग्य झाले.

मैदानावरची घाई सर्वांना दिसते. ऑक्टोबर 2019 मध्ये डेन्व्हर येथे चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकली आणि चीफ्सच्या वैद्यकीय पथकाने ती तेथेच जागेवर बसवली. दोन सामन्यांनंतर तो परतला. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते खेळाडूने आपण होऊन सांगितलेले दुखणे. नोव्हेंबर 2014 मध्ये ओकलंड रेडर्सविरुद्धच्या सामन्यानंतर चीफ्सच्याच एरिक बेरीने छातीत अस्वस्थ वाटत असल्याची तक्रार केली. अशा धडकाधडकीच्या खेळात बरगडीला मार लागला असेल म्हणून ती सहज सोडून देता आली असती. तपासणीत छातीत गाठ आढळली, पत्रकारांसमोर ती माहिती देण्यास बर्कहोल्डर उभे राहिले आणि पुढे निदान हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाचे झाले. केमोथेरपी पूर्ण करून बेरी जुलै 2015 मध्ये सरावाला परतला आणि त्या हंगामातील सर्व 16 साखळी सामने खेळला.