चोरबाजारात 150 रुपयांना पार्कर 51 मिळालं. शाई ओढत नाही आणि वर कुणाचं तरी नाव कोरलंय. पेन चालू कसं करू आणि नाव कसं काढू?

150 रुपयांत 51 मिळालं म्हणजे तुम्ही शुक्रवारी पहाटे जुम्मा बाजारात गेला असणार. असलं नशीब दुपारी उठून लागत नाही. आधी ते हिरो, म्हणजे 51 ची चिनी नक्कल नाही ना, एवढं बघा. हिरो 616 चं धड आणि वर पार्करचं टोपण, असं जोडून विकणारे तिथे भेटतात. मी दोनदा फसले आहे, दुसऱ्यांदा तर चष्मा डोळ्यावर असताना.

नाव काढू नका. विषय इथेच संपायला हवा, पण तो आमच्या घरात वीस वर्षं संपलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

माझे बाबा लालबागला एका गिरणीत टाइमकीपर होते. 1968 साली साचा खात्यातल्या, म्हणजे मागावरच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना काळं 51 दिलं. तेव्हा परदेशी पेन सहज मिळायचं नाही, बोटीवरच्या कुणाकडून तरी आणवलं होतं म्हणे. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तसं बॅरलवर बाबांचं नाव घातलं होतं आणि खाली ‘साचा खाते’. अक्षरं वाकडी होती. ‘खाते’चा काना तर निम्माच उमटला होता.

51 ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत आहे की निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते. पेन उलटं धरलं तरी पटकन कळत नाही. बाबांना पुढे मोतीबिंदू झाल्यावर तर मुळीच कळायचं नाही. पण पेन हातात घेतलं की त्यांचा अंगठा आधी नाव शोधायचा. अक्षरं अंगठ्याखाली आली की निब सरळ. रेशनचा अर्ज असो की गावच्या भावकीला पत्र, ती अंगठ्याची हालचाल ठरलेली. मी शाळेत असल्यापासून बघितलेली.

बाबांच्या पंचाहत्तरीला दादाने ते पेन गुपचूप नेलं आणि एका पॉलिशवाल्याकडून बफ मारून आणलं. आरशासारखं चकचकीत. नाव गायब! वहिनीने पेढ्यांच्या ताटात ठेवून दिलं. बाबा म्हणाले, ‘‘छान झालंय.’’ मग कागदावर टेकवलं तर उमटेना. फिरवलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा फिरवलं. शेवटी हसून टोपण लावलं आणि खिशातलं बॉलपेन काढलं. त्यानंतर ते 51 त्यांनी हातात घेतलेलं मला आठवत नाही.

दादाचं म्हणणं, पेन लिहायला असतं, नाव वाचायला नसतं. मग लिहिलं का त्यांनी त्याने? यावर तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

भावना बाजूला ठेवा हवं तर. कोरलेलं नाव काढायचं म्हणजे अक्षरांच्या खोलीइतकं आजूबाजूचं प्लास्टिक घासायचं. बॅरल तिथे बारीक होतं. 51 ची सगळी शान म्हणजे बॅरल आणि निबवरचं पुढचं झाकण मधल्या कड्याशी एका रेषेत जुळणं. घासलेल्या पेनावरून नख फिरवा, तिथे पायरी लागते. जाणकार गिऱ्हाईक तेच आधी बघतो.

आता शाईचं. बॅरल फिरवून काढा. आत पत्र्याची नळी आणि त्यावर दाबायची पट्टी असेल तर ते 1948 नंतरचं, आणि तुमचं काम सोपं आहे. आतली पारदर्शक पिशवी सहसा कुजत नाही. बहुतेक वेळा फक्त शाई वाळून बसलेली असते. बॅरलखेरीज काहीही उघडू नका. पुढचं झाकण शेलॅकने, म्हणजे लाखेने चिकटवलेलं असतं, ते उकळत्या पाण्यात घालून सोडवायचे व्हिडिओ बघून कित्येकांनी वाकडं करून ठेवलंय. स्टीलच्या वाटीत साधं पाणी घ्या, निबचं टोक बुडेल इतकंच, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पट्टी दाबून सोडून पाणी आतबाहेर करा. आधी निळ्या रेषा सुटतात, मग अचानक काळपट गुठळी येते आणि वाटी भरून जाते. तीच अडकलेली असते. पाणी बदलत राहा, मला एकदा चार दिवस लागले होते. पट्टी दाबल्यावर बुडबुडे येत नसतील तर आतली बारीक नळी तुंबली आहे किंवा पिशवी फुटली आहे. मग मात्र जाणत्याकडे न्या. आणि पट्टीऐवजी मागच्या टोकाला दट्ट्या असेल तर ते 1948 आधीचं, त्यातलं रबर बदलावंच लागतं.

रात्रभर पाण्यात ठेवणं 51 ला चालतं, प्रत्येक पेनाला नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन असं ठेवू नका, काळा रंग जाऊन शेवाळी होतो. बाबांचंच दुसरं, राजमहेंद्रीकडचं एबोनाइटचं पेन मी असंच घालवलं. भांडण झालं की दादा ते काढतो, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

शाई कॅमलची निळी भरा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी चुकूनही नको.

एवढं सांगूनही नाव घासणारच असाल, तर आधी त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा आणि छाप घेऊन ठेवा. दादाने तेवढंही केलं नव्हतं.