वाचकांचे प्रश्न : मिनेर्वुआ वाइन आणि आषाढातले जेवण

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये तुलूझ येथे राहतात. मागच्या दिवाळीला येताना त्यांनी मिनेर्वुआ नावाच्या लाल वाइनची बाटली आणली होती; ती अजून उघडलेली नाही, कपाटावर ठेवलेली आहे. आषाढात दोघे पुन्हा येत आहेत. घरात निम्मे लोक शाकाहारी असल्यामुळे सुरुवातीला भुट्ट्याचा कीस, मग मटणाचा रस्सा आणि दाल-बाफले, शेवटी श्रीखंड असा बेत ठरतो आहे. ही वाइन यांपैकी कशाबरोबर द्यावी आणि ती थंड करावी का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बेताआधी बाटलीची विचारपूस करावी लागेल, कारण इंदूरचा संपूर्ण उन्हाळा तिने कपाटावर, म्हणजे खोलीतल्या सर्वांत उष्ण जागी काढला आहे. बाटलीच्या गळ्यावरचे आवरण काढून बूच पाहावे. ते काचेच्या कडेच्या वर सरकले असेल किंवा त्याच्या बाजूने वाइन पाझरल्याचे चिकट डाग असतील, तर आतला द्रव उष्णतेने फुगला होता असे समजावे. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो. ती अपायकारक नसते, पण पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगीही उरत नाही.

बूच जागेवर असेल, तर बाटली जेवणाआधी सुमारे तासभर फ्रीजमध्ये ठेवावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडे आषाढातही खोली २७-२८ अंशांवर असते आणि तेवढ्या उष्णतेत वाइनमधला मद्यार्क नाकात झोंबतो, फळाचा स्वाद मागे पडतो. या वाइनला १६ ते १८ अंश पुरेसे आहेत. ती तरुण आणि तुरट वाटली, तर अर्धा तास काचेच्या जगमध्ये ओतून ठेवल्यास बराच फरक पडतो.

दक्षिण फ्रान्समधल्या मिनेर्वुआ या प्रदेशातले द्राक्षमळे कार्कासोन आणि नार्बोन या शहरांच्या दरम्यान, उत्तरेकडच्या मोंतान्य न्वार डोंगराच्या पायथ्यापासून दक्षिणेला कनाल द्यु मिदी या कालव्याच्या परिसरापर्यंत उतरत गेलेले आहेत. उन्हाळा कोरडा, जमीन दगडगोट्यांची, वारा जोराचा. सिरा, ग्रनाश, मूर्वेद्र आणि कारिन्याँ या द्राक्षांच्या मिश्रणातून होणाऱ्या इथल्या लाल वाइनला १९८५ साली ए.ओ.सी. हा मूळ प्रदेशाची हमी देणारा अधिकृत दर्जा मिळाला. काळ्या फळांचा आणि रानातल्या सुगंधी झुडपांचा वास, भरदार चव आणि जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा हे तिचे सर्वसाधारण रूप म्हणता येईल.

त्या भागातला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कासूले. पांढऱ्या घेवड्याच्या बिया, चरबीत मुरवलेले बदक, डुकराचे मांस आणि सॉसेज मातीच्या भांड्यात कित्येक तास मंद आचेवर शिजवतात, वर खरपूस साय धरू देतात. वाइनचा तुरटपणा मऊ करण्याचे काम त्यातली चरबी आणि कडधान्यातली प्रथिने करतात, आणि तिखट मात्र त्यात जवळजवळ नसते. हे लक्षात घेतले, तर आपल्या ताटातला तिचा खरा जोडीदार मटण नसून दाल-बाफले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी उकडून मग भाजलेला आणि तुपात बुडवून काढलेला बाफला, सोबत घट्ट वरण. फक्त वरणात आंबट बेताचे घालावे आणि लसणीची चटणी त्या घासापुरती दूर ठेवावी. शाकाहारी मंडळींना वाइन नावापुरती द्यायची, ही समजूत इथे उलटी ठरते.

मटणाच्या रश्श्याचा प्रश्न मांसाचा नाही, मिरचीचा आहे. मिरचीने पेटलेल्या तोंडात मद्यार्क आणखी आग लावतो आणि तुरटपणा कडवट लागतो. तर्रीचा रस्सा ठेवायचाच असेल, तर त्याच्याबरोबर पाणी द्यावे. त्याऐवजी भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळी मिरी यांवर केलेले अंगाबरोबर रस असलेले मटण करता आले, तर वाइनचे आणि त्याचे छान जमेल.

भुट्ट्याच्या किसाला ही वाइन देऊ नये. त्यातला मक्याचा आणि दुधाचा गोडवा तिला रुक्ष करून टाकतो, वरून लिंबू पिळलेले असते. त्याला थंड पांढरी वाइन हवी, नाहीतर नुसते ताक.

श्रीखंडाबरोबर तर मुळीच नको. गोडापुढे कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन आंबट लागते. जावईबापूंना पुढच्या खेपेला सांगायचेच झाले, तर त्याच टेकड्यांवरच्या सें-जाँ-द-मिनेर्वुआ गावची मस्कत द्राक्षांची गोड वाइन आणायला सांगावी. द्राक्षरस आंबत असताना मध्येच मद्यार्क घालून ती क्रिया थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची साखर तिच्यात शिल्लक राहते. ती मात्र चांगली गार करून, लहान पेल्यांत द्यावी.

उरलेली लाल वाइन बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.