परदेशी अनुदान कोणाच्या हाती द्यायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या कामासाठी येणारा आंतरराष्ट्रीय पैसा सांभाळायला संस्था कशा निवडल्या जातात, याबद्दल गोव्यातल्या वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. विनंतीप्रमाणे नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमची संस्था नऊ वर्षं ट्रकचालक आणि बाहेरून आलेल्या कामगारांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करते. ग्लोबल फंडाकडे थेट अर्ज करता येतो का? (वास्को)

उत्तर : नाही. एड्स, क्षयरोग आणि मलेरिया या तीन आजारांसाठी २००२ मध्ये सुरू झालेला ग्लोबल फंड जिनिव्हातून चालतो. देशोदेशी त्याची कार्यालयं नाहीत. म्हणून प्रत्येक देशात एक समन्वय समिती असते, ‘सीसीएम’. तिच्यात सरकारी अधिकारी, स्वयंसेवी संस्था, खासगी क्षेत्र आणि या आजारांशी प्रत्यक्ष सामना केलेली माणसं बसतात. देशाचा अर्ज ही समिती करते आणि पैसा कोणी सांभाळायचा तेही तीच सुचवते. सांभाळणारा तो प्रिन्सिपल रेसिपियंट, सगळे ‘पीआर’ म्हणतात. करार त्याच्याशी होतो. पीआर पुढे उपसंस्था नेमतो, त्या ‘एसआर’.

भारतात सरकारी बाजूच्या करारावर केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग सही करतो आणि काम नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा केंद्रीय क्षयरोग विभाग चालवतो. बिगरसरकारी बाजूची दोन उदाहरणं सांगतो. २०१३ मध्ये सुरू झालेला ‘विहान’ हा काळजी आणि आधार केंद्रांचा प्रकल्प इंडिया एचआयव्ही/एड्स अलायन्सने सांभाळला. क्षयरोगासाठी २०१० पासूनचा ‘अक्षय’ प्रकल्प द युनियन आणि वर्ल्ड व्हिजन यांच्याकडे होता. या सगळ्या अनेक राज्यांत पसारा असलेल्या संस्था आहेत.

तुम्ही आज पीआर होण्याचा विचार करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खालच्या प्रत्येक उपसंस्थेच्या प्रत्येक खर्चाला पीआर जबाबदार असतो. एखाद्या एसआरने चुकीचा खर्च केला आणि तो अमान्य झाला, तर फंड परतावा पीआरकडे मागतो. लहान संस्था अशा एका परताव्यातच मोडून पडते. तुमच्यासाठी जवळचं दार म्हणजे राज्य एड्स नियंत्रण सोसायटीचे लक्ष्यगट प्रकल्प, ज्यांना सगळे ‘टीआय’ म्हणतात. त्यांची निवड जाहिरात, कागदपत्रांची छाननी आणि संयुक्त पथकाची प्रत्यक्ष भेट अशा वाटेने होते. तिथला तीन-चार वर्षांचा चोख हिशोब पुढे एसआर होताना सर्वांत जास्त कामी येतो.

प्रश्न : समितीत बसलेल्या सदस्याची संस्थाच पीआर म्हणून निवडली गेली, तर ते नियमात बसतं का? निवड नक्की कशावर होते? (पणजी)

उत्तर : बसू शकतं, पण सदस्याने स्वतःला बाजूला ठेवलं आणि तशी नोंद झाली तरच. देशाचा अर्ज पात्र ठरण्यासाठी सीसीएमला सहा अटी पाळाव्या लागतात. अर्ज सर्वांना सामावून तयार झाला का आणि पीआरची निवड खुली, पारदर्शक होती का, या पहिल्या दोन अटी अर्जाच्या वेळीच तपासतात. निकष आधी ठरलेले हवेत, ते लिहिलेले हवेत आणि हितसंबंधांचा प्रश्न कसा हाताळला तेही कागदावर हवं. जुनाच पीआर पुढे चालू ठेवायचा असेल तरी हे टळत नाही.

बाजूला राहणं म्हणजे मतदानाला हात वर न करणं एवढंच नव्हे. निकष ठरवण्याच्या बैठकीपासूनच त्या सदस्याने बाहेर राहायला हवं. निकषांतली एखादी ओळ, उदाहरणार्थ ‘अमुक राज्यांत दहा वर्षांचा अनुभव’, एकाच संस्थेच्या मापाने शिवलेली असू शकते आणि मतदानाच्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही येत नाही. इतिवृत्तात सदस्य किती वाजता बाहेर गेले आणि कोणत्या विषयानंतर परत आले, हे लिहावं. अशी नोंद नसलेली निवड पुढे आव्हान दिलं की टिकत नाही.

क्षमता तपासताना चार बाजू पाहतात : कारभार आणि उपसंस्थांवर देखरेख, पैशाची व्यवस्था, खरेदी व औषधसाठा, आणि आकडेवारी गोळा करण्याची पद्धत. सीसीएमने नाव सुचवल्यावर ग्लोबल फंडाने स्वतः नेमलेली स्थानिक तपासणी संस्था हे सगळं पुन्हा पाहते. ती सीसीएमच्या हाताखाली नसते. अनुभव असा की प्रस्तावाची भाषा सुरेख असणाऱ्या संस्था ‘उपसंस्थांवर देखरेख’ याच बाजूला घसरतात. वीस एसआर सांभाळायच्या आणि हिशोब तपासायला दोन माणसं, हे गणित जमत नाही.

प्रश्न : एका पीआरने गोव्यासाठी उपसंस्था निवडायच्या समितीवर मला बोलावलं आहे. मी निवृत्त हिशोबनीस आहे, आरोग्यातलं फारसं कळत नाही. भेटीला गेल्यावर काय पाहू? (फोंडा)

उत्तर : तुमच्यासारखी माणसंच या समित्यांवर कमी असतात, तेव्हा नक्की जा. गुणांची विभागणी शक्य असेल तर आधीच ठरवून घ्या. शंभरांपैकी निदान पस्तीस गुण हिशोब आणि अंतर्गत नियंत्रणाला आणि पंचवीस त्या समाजात असलेल्या प्रत्यक्ष वावराला द्यावेत, असं आम्ही सुचवू. प्रस्तावाच्या लेखनाला पंधरापेक्षा जास्त नकोत. प्रस्ताव बाहेरून लिहून घेता येतो.

भेटीत संस्थेने काढून ठेवलेल्या फायली पाहू नका. गेल्या वर्षाचं बँक पासबुक मागा, त्यातले दहा व्यवहार तुम्ही निवडा आणि त्यांची व्हाउचरं समोर मागवा. पासबुकातून व्हाउचर, तिथून खातेवही, आणि तिथून वस्तू किंवा माणूस असा माग काढा. अर्ध्या तासात दहाही व्हाउचरं मिळाली तर दप्तर जिवंत आहे. ‘सीएकडे आहेत’ हे उत्तर दोनदा आलं, तर संस्था स्वतःचा हिशोब स्वतः ठेवत नाही असं समजा.

पैसा सर्वांत जास्त गळतो तो प्रशिक्षण आणि प्रवासात. २०१० च्या डिसेंबरात ग्लोबल फंडाने माली देशाची अनुदानं रोखली, तेव्हाही खोट्या पावत्यांवर दाखवलेले प्रशिक्षण आणि प्रवासखर्चच मुख्यतः सापडले होते. कारण साधं आहे : औषध गोदामात मोजता येतं, झालेलं प्रशिक्षण मोजता येत नाही. म्हणून एका शिबिराची पूर्ण फाइल घ्या. हजेरीपत्रकावर एकाच वळणाच्या सह्या आहेत का? हजेरीत तीस नावं आणि जेवणाच्या बिलात पन्नास थाळ्या आहेत का? एकाच खानावळीची मार्चमधली आणि जूनमधली बिलं ओळीच्या क्रमांकांची असतील, तर कोणाकडे तरी कोरं बिलबुक आहे. छपाईसाठी तीन दरपत्रकं असतात. तिन्हींतली शुद्धलेखनाची चूक एकच असेल तर ती एकाच टेबलावर तयार झाली आहेत. बिलावरचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर तिथल्या तिथे तपासता येतो.

पगारपत्रक पाहताना एकच समन्वयक दोन प्रकल्पांत पूर्णवेळ दाखवला आहे का ते बघा. लहान संस्थांत ही चूक फसवणुकीच्या हेतूने क्वचितच होते. एका अनुदानातून पगार भागत नाही, म्हणून दोन्हीकडे नाव घालतात. पण लेखापरीक्षणात दोन्हीकडचा पगार अमान्य होतो. कोण किती टक्के वेळ कुठे देतो, याचं दरमहा सही केलेलं वेळपत्रक हाच त्यावर उपाय. शिवाय दर महिन्याचा बँक जुळवणी तक्ता, धनादेशावर दोन सह्या आणि वेळेवर भरलेलं टीडीएस विवरण मागाच.

आरोग्यातलं कळत नाही म्हणता, पण एक प्रश्न जरूर विचारा. क्षयरोगाच्या कामासाठी अर्ज करणाऱ्या संस्थेला विचारा, ‘जूनमध्ये ट्रॉलरवरच्या रुग्णाचं काय करता?’ मालीम, कुटबण अशा जेटींवर परराज्यांतले खलाशी मोठ्या संख्येने असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ती माणसं गावी जातात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा, त्यामुळे फेब्रुवारीत गोळ्या सुरू केलेल्याचा उपचार मध्येच तुटतो. काम जाणणारी संस्था सांगेल की मे महिन्यातच यादी काढतो, क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर रुग्ण गावच्या केंद्राकडे वर्ग करतो, प्रवासापुरत्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळवून देतो आणि तिकडे पोचल्याचा फोन होईपर्यंत नाव बंद करत नाही. जिचं उत्तर ‘जनजागृती करतो’ एवढंच असेल, तिने जेटी लांबूनच पाहिली आहे.

प्रश्न : आमची एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी आहे, म्हणजे पीआरकडून परकीय निधी घ्यायला अडचण नाही ना? (मडगाव)

उत्तर : अडचण आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर कलम ७ प्रमाणे परकीय देणगी घेतलेली संस्था ती दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करू शकत नाही, समोरच्याची नोंदणी असली तरीही. त्यामुळे पैसा कोणत्या शीर्षाखाली येतो आणि तुमच्याशी होणारा करार अनुदानाचा आहे की सेवा पुरवण्याचा, हे प्रस्ताव देण्याआधी पीआरकडून लेखी घ्या. सेवेचा करार असेल तर जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. तो तुमच्या सीएसमोर ठेवा.

तुम्हाला थेट येणाऱ्या परकीय देणगीसाठी चार गोष्टी ध्यानात असू द्या. ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येते. प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत जायला हवं. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा असतो. मुदत उलटली की पैसा घेणं तर थांबतंच, खात्यात पडलेला खर्चही करता येत नाही, आणि मग समुपदेशकांचे पगार अडकतात.

प्रश्न : मी एचआयव्हीसह जगतो. जिल्ह्यातल्या एका निवड समितीवर ‘रुग्ण प्रतिनिधी’ म्हणून माझं नाव सुचवलं आहे. गावात कळेल याची भीती वाटते. आणि संस्था बदलली तर आमच्या औषधांचं काय? (डिचोली)

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि तिची काळजी समितीने घ्यायला हवी. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार, न्यायालयाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले तर, आपल्या संमतीशिवाय आपली स्थिती कोणालाही उघड करता येत नाही. आयोजकांना सांगा की इतिवृत्तात, हजेरीपत्रकात आणि प्रवासभत्त्याच्या पावतीवर ‘समुदाय प्रतिनिधी’ असंच लिहावं. बहुतेक वेळा गुपित फुटतं ते या पावतीतूनच, कारण ती हिशोबाच्या फायलीत जाऊन अनेकांच्या हाताखालून जाते. आपलं मत बाकीच्यांच्या मताइतक्याच वजनाचं आहे. संस्थेचे कार्यकर्ते रुग्णाशी कसं बोलतात, घरी येताना संस्थेची पाटी लावलेली गाडी दारात उभी करतात का, हे त्या टेबलावर फक्त आपल्याला ठाऊक असतं. ते गुण देण्याआधी सांगा.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. गोमेकॉतलं (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातलं) केंद्र संस्था बदलली म्हणून बंद होत नाही. खंड पडतो तो पाठपुराव्यात. जुन्या संस्थेचा कार्यकर्ता जातो, नव्या संस्थेला आपला पत्ता माहीत नसतो आणि गोळी चुकलेल्या माणसाचं दार दोन-तीन महिने कोणीच वाजवत नाही. म्हणून हस्तांतराच्या वेळी दोन्ही संस्थांचे कार्यकर्ते निदान महिनाभर एकत्र फिरले पाहिजेत. रुग्णांची यादी संमती घेऊन, बंद पाकिटात किंवा पासवर्ड लावलेल्या फाइलमधून, एआरटी केंद्राच्या साक्षीने द्यावी. व्हॉट्सॲपवरून तर ती मुळीच जाऊ नये. समितीवर बसलात तर नव्या संस्थेच्या करारात हा एक महिना आणि त्याचे दोन्हीकडचे पगार लिहून घ्या. अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ नसली, तर जुना कार्यकर्ता बिनपगारी फिरणार नाही.